मोटारीचे कांटे आणि त्यांचे जासूद

मोटारगाडीचा इतिहास आजपर्यंत पुष्कळांनीं लिहिला आहे. पण तो बहुधा इंजिनाचा आणि वेगाचा इतिहास असतो. कोणत्या सालीं कोणत्या गाडीनें तासाला किती मैलांची मजल गांठली, कोणाच्या कारखान्यांतून किती गाड्या बाहेर पडल्या, कोण चढला आणि कोण बुडाला, याचीं वर्णनें वाचकांस हवीं तितकीं मिळतात. परंतु हांकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ज्या चार-पांच तबकड्या असतात त्यांवरचे कांटे आले कोठून, त्यांना बातमी पुरवितो कोण, आणि ती बातमी खरी कीं खोटी हें ओळखावयाचें कसें, याची चौकशी फारशी कोणीं केलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. जुनी मोटार हौसेनें बाळगणाऱ्या गृहस्थास तर इंजिनापेक्षां या कांट्यांचाच जाच अधिक होतो. इंजिन बिघडलें म्हणजे तें निदान ओरडून सांगतें. कांटा बिघडला म्हणजे तो अगदीं शांतपणें खोटें बोलत राहतो.

एक गोष्ट प्रथमच ध्यानांत घेतली पाहिजे. आपण ज्याला पेट्रोलचा कांटा म्हणतों तो एकटा नसतो. ती एक जोडी असते. एक यंत्र समोरच्या फळीवर आणि दुसरें आठ-दहा फूट मागें, टांकीच्या पोटांत. फळीवरचें यंत्र स्वतः कांहींच पाहत नाहीं; मागचें यंत्र जें कळवील तें तें दाखवितें. या मागच्या यंत्राला इंग्रजींत ‘पाठविणारा’ अशा अर्थाचें नांव आहे. आम्ही त्यास जासूद म्हणूं. मराठेशाहींत दूरच्या छावणीचें वर्तमान जासूदजोडी घेऊन येई, आणि दरबार कितीहि शहाणा असला तरी त्याचें शहाणपण त्या जोडीच्या पायांवर अवलंबून असे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. नानासाहेब पेशवे उत्तरेच्या वाटेवर भेलशापाशीं असतां सुमारें दहा दिवसांनीं त्यांस ती वार्ता लागली, आणि तीहि स्वतःच्या सरदाराच्या पत्रानें नव्हे तर एका सावकाराच्या सांकेतिक पत्रावरून. मोटारीच्या दरबारींहि पुष्कळदां हेंच घडतें. दरबार जागच्या जागीं धड असतो. अडतो तो वाटेंतला जासूद.

आरंभींच्या मोटारींत हे कांटे मुळींच नव्हते. हेन्री फोर्डची सुप्रसिद्ध मॉडेल टी १९०८ त निघाली व १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटींच्यावर गाड्या तयार झाल्या. पण त्यांपैकीं एकीच्याहि फळीवर कारखान्यानें पेट्रोलचा कांटा बसविला नव्हता. पेट्रोल किती उरलें हें पाहावयाचें असेल तर पुढची बैठक उचलावी, तिच्या खालच्या टांकीचें झांकण काढावें, आंत खुणा केलेली लांकडी पट्टी बुडवावी आणि ती कोठवर ओली झाली तें पाहावें. अशा पट्ट्या पेट्रोलचे दुकानदार आपल्या नांवाचा छाप मारून गिऱ्हाइकांस वांटीत. तेलाची तऱ्हा याहून अवघड. त्यासाठीं गाडीखालीं शिरावें लागे. इंजिनाच्या मागच्या अंगास दोन लहान तोट्या असत. वरची उघडल्यावर तेल ठिबकलें तर पोटभर आहे असें समजावयाचें, न ठिबकलें तर खालची उघडावयाची, आणि तिच्यांतूनहि थेंब न आला तर तसेंच उठून तेलाचा डबा आणावयाचा. कपडे स्वच्छ ठेवून मोटार चालविणें ही कल्पनाच त्या काळीं हास्यास्पद होती.

या गाडींत पेट्रोल टांकींतून आपल्याच भारानें कार्ब्युरेटरकडे उतरत असे. टांकी अर्धीमुर्धी रिकामी असतां मोठा चढ लागला म्हणजे टांकी खालीं आणि कार्ब्युरेटर वर अशी उलटी स्थिति होई व इंजिन कोरडें पडे. मग हांकणारा गाडीचें तोंड फिरवी आणि पाठमोरा घाट चढे. अमेरिकेंतल्या डोंगरवाटांवर हा देखावा त्या काळीं नित्याचा होता. टांकींत किती आहे हें ठाऊक असतें तर पुष्कळांची ही पाठमोरी यात्रा टळली असती.

हा पट्टीचा काळ लवकर संपला असें मात्र कोणीं समजूं नये. जर्मनीची फोक्सवागेन ‘बीटल’ जगभर लाखांनीं खपली, तरी १९६१ पर्यंत तिच्या नेहमींच्या गाड्यांत पेट्रोलचा कांटा नव्हता; पेट्रोल संपत आलें कीं इंजिन अडखळे आणि हांकणारा पायानें एक तोटी फिरवून राखीव पेट्रोल सोडी. फ्रान्सची सित्रोएन २ सीव्ही १९४८ त लोकांपुढें आली तीहि पट्टी घेऊनच. आपल्याकडे बजाजच्या स्कूटरवर वाढलेल्या पिढीला याचें नवल वाटावयाचें नाहीं. गाडी ‘रिझर्व्हला लागली’ हे शब्द ऐकतांच तोटी फिरविणें, आणि तेंहि संपलें म्हणजे स्कूटर एका अंगावर कलती करून तळचें घोटभर पेट्रोल कार्ब्युरेटरकडे लोटणें, ही विद्या पुण्यामुंबईच्या मध्यम वर्गास पुस्तकावांचून अवगत होती.

पाण्याची गोष्ट निराळी. पेट्रोल संपलें तर गाडी थांबते, एवढेंच; पण पाणी आटलें किंवा उकळलें तर इंजिनाच्या जिवावर बेततें. म्हणून पहिला लोकप्रिय मापक निघाला तो पेट्रोलचा नव्हे, पाण्याचा. हॅरिसन बॉइस या गृहस्थानें १९१२ च्या सुमारास अमेरिकेंत ‘मोटोमीटर’ या नांवाचा एक उष्णतामापक बाजारांत आणला. तो रेडिएटरच्या झांकणावरच बसविलेला असे. वर कांचेची गोल चकती, तींत तांबडी रेषा, आणि खालीं रेडिएटरच्या तोंडांत लोंबणारी नळी. हांकणारा बोनेटवरून समोर पाही आणि तांबडी रेषा किती चढली तें त्यास बसल्या जागीं दिसे. येथें जासूद असा नव्हताच. दरबारच छावणींत जाऊन बसला होता. वस्तु मोठी देखणी. कारखानदार तिच्यावर आपापलीं नांवें उमटवूं लागले आणि ती मिरविण्याचा दागिना होऊन बसली. तरी तिच्यांत एक मूळचीच उणीव होती. ती पाण्याची नव्हे, तर पाण्यावरच्या वाफेची उष्णता मोजी. भर रस्त्यांत नळी फुटून पाणी एकदम निघून गेलें तर नळीभोंवतीं वाफ उरत नसे. आंत इंजिन भाजत असतां वरची तांबडी रेषा संथ राही. ज्या प्रसंगासाठीं यंत्र घेतलें नेमक्या त्याच प्रसंगीं त्यानें मौन धरावें, ही कांट्यांच्या इतिहासांतली पहिली फसवणूक म्हणावयास हरकत नाहीं. १९३० च्या आसपास फळीवरचे उष्णतामापक सर्वत्र झाले आणि मोटोमीटर मागें पडला.

फळीवर बसून दूरची उष्णता कळावयाची तर तिचा निरोप आणणारें कांहीं तरी हवें. तें साधन मोटारीच्या जन्मापूर्वींच पॅरिसमध्यें तयार होऊन बसलें होतें. यूजीन बूर्दों या यंत्रज्ञानें १८४९ सालीं एका दाबमापकाचें पेटंट घेतलें. त्याची युक्ति इतकी साधी आहे कीं ती कोणास पूर्वीं कशी सुचली नाहीं याचें आश्चर्य वाटतें. धातूची नळी चपटी करून अर्धचंद्राकार वांकवावयाची आणि तिचें एक टोंक बंद करावयाचें. दुसऱ्या टोंकानें आंत दाब आला कीं नळी सरळ होऊं पाहते. जत्रेंत मुलें कागदाची गुंडाळलेली पिपाणी फुंकतात व ती सरकन् उलगडते, तसाच हा प्रकार. नळीच्या बंद टोंकाला कांटा जोडला कीं दाब डोळ्यांना दिसूं लागतो. वाफेच्या बाष्पपात्रांवर या नळीनें अर्धें शतक चाकरी केली आणि मग ती मोटारींत आली.

तेलाच्या दाबासाठीं तिचा उपयोग सरळ होता. इंजिनांतून एक बारीक तांब्याची नळी थेट फळीपर्यंत आणली जाई आणि इंजिनांतलें तेलच तबकडीच्या पाठीशीं येऊन उभें राही. जासूद म्हणून दुसरा कोणी नाहीं. खुद्द तेलच साक्षीला. आमच्या मतें साऱ्या कांट्यांत हा सर्वांत सच्चा. त्याला विजेची गरज नाहीं, बॅटरी मेली तरी तो खरें बोलतो, आणि बिघडलाच तर नळी तुंबल्यामुळें किंवा फुटल्यामुळें बिघडतो. फुटली कीं गरम तेल शेजारी बसलेल्याच्या पायांवर येतें, तेव्हां बिघाड कोठें आहे हें शोधीत बसावें लागत नाहीं.

उष्णतेच्या कांट्याला मात्र थोडी कारागिरी लागली. इंजिनाच्या पाण्यांत धातूची एक लहान कुपी बुडवावयाची, तिच्यांत एथर भरावयाचा, आणि केसासारख्या बारीक पोकळ नळीनें ती कुपी फळीवरच्या बूर्दों-नळीशीं जोडून सर्व कायमचें बंद करून टाकावयाचें. एथर सुमारें ३५ अंश सेंटिग्रेडलाच उकळतो. पाणी तापत गेलें कीं त्याच्या वाफेचा दाब झपाट्यानें वाढतो आणि कांटा चालतो. इंग्लंडांतील स्मिथ्स कंपनीच्या असल्या तबकड्या तिकडच्या कित्येक गाड्यांत दिसतात. हा कांटा मेला म्हणजे बहुधा ती बारीक नळी कोठें तरी चिरलेली असते आणि एथर उडून गेलेला असतो. इंजिन बाहेर काढतांना कुपी सोडविण्यास विसरणें हें या मृत्यूचें नेहमींचें कारण. नवी मूळ तबकडी मिळणें कठीण व महाग, म्हणून हौशी लोकांनीं एक उपाय काढला आहे. एखादा स्वस्त, चालू उष्णतामापक विकत घ्यावयाचा. त्याची एथरनें भरलेली कुपी बर्फ व मीठ यांच्या मिश्रणांत बुडवून ठेवावयाची, म्हणजे आंतला एथर कुपींतच निजून राहतो. आणि तेवढ्या वेळांत नवी नळी कापून ती जुन्या तबकडीच्या नळीला डाख देऊन जोडावयाची. घरोघर बर्फ-मिठाच्या पिंपांत आइस्क्रीम फिरविणाऱ्यांना थंडीची ही किमया सांगावयास नको. परंतु एथर अत्यंत ज्वालाग्राही आहे आणि डाख म्हणजे विस्तवाशीं खेळ. नवशिक्यानें हा प्रयोग स्वयंपाकघरांत करूं नये, हें येथें स्पष्ट सांगितलेलें बरें.

आतां पेट्रोलकडे वळूं. कारण सर्वांत अधिक बुद्धि आणि सर्वांत अधिक भांडणें त्या कांट्यापायींच खर्च झालीं. फोर्डच्या मॉडेल ए गाडींत (१९२७ ते १९३१) टांकी फळीच्या पाठीमागेंच होती, त्यामुळें तेथें प्रश्नच नव्हता: बुचाचा एक तरंगा पेट्रोलवर डोले आणि त्याच्याशीं जोडलेला आंकड्यांचा पट्टा फळींतल्या लहानशा खिडकींतून दिसे. पण पेट्रोलची टांकी प्रवाशांच्या मांडीशीं असणें कोणासच सुखाचें वाटेना. टांकी मागें, गाडीच्या शेपटाकडे गेली आणि तिच्याबरोबर तिची बातमीहि दूर गेली. कांहीं दिवस टांकीवरच तबकडी बसवून पाहिली. ती पाहण्यासाठीं उतरून गाडीच्या मागें जावें लागे. असल्या मापकापेक्षां लांकडी पट्टी काय वाईट?

यावर अमेरिकेंतील किंग-सीली कंपनीनें १९२० नंतरच्या दशकांत एक सुंदर तोड काढली. तिचें नांव ‘टेलिगेज’. टांकीच्या तळाशीं एक उपडी घंटा, तिच्यांत कोंडलेली हवा, आणि त्या हवेपासून फळीपर्यंत एक बारीक तांब्याची नळी. फळीवर कांचेच्या नळींत पाण्याहून सुमारें तिप्पट जड असा तांबडा द्रव. टांकींत पेट्रोल जितकें उंच, तितका त्याचा भार कोंडलेल्या हवेवर. ती हवा तोच भार फळीवर पोंचवी आणि तांबडा द्रव वर चढे. द्रव इतका जड असल्यामुळें टांकींतल्या बारा इंच पेट्रोलला फळीवर तीन इंचच पुरत. वीज नाहीं, दांते नाहींत, हलणारा एकहि भाग नाहीं. निरोप आणणारी केवळ हवा. अमेरिकेंतील अनेक नामांकित गाड्यांत, १९३४ पर्यंतच्या फोर्डमध्यें आणि इंग्लंडांत रोल्स-रॉइससारख्या गाडींतहि हें यंत्र असे. पण हवा हा मोठा नाजूक जासूद आहे. नळीच्या सांध्यांत सुईच्या अग्राएवढें छिद्र पडलें कीं तांबडी रेषा हळूहळू खालीं उतरे आणि भरली टांकी रिकामी भासे. नळींत पेट्रोलचा एक थेंब शिरून अडकला कीं तीच रेषा भलत्याच ठिकाणीं थबके. उपाय एकच: दोन्ही टोंकें सोडवून नळी कोरड्या हवेनें फुंकून काढावयाची, आणि सांधे पुनः घट्ट करावयाचे. यांत कौशल्य थोडें, चिकाटी फार.

अखेर हा निरोप नेण्याचें काम विजेकडे आलें, आणि येथें दोन घराणीं उत्पन्न झालीं. गायकींत ग्वाल्हेर आणि आग्रा असावीं तशीं हीं दोन घराणीं एकच राग निराळ्या अंगानें मांडतात. आणि एकाचा शागीर्द दुसऱ्याच्या बैठकींत गेला तर फजीत पावतो.

पहिलें घराणें जनरल मोटर्सच्या ए. सी. शाखेचें. टांकींत तरंग्याला जोडलेली दांडी; ती दांडी बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. टांकी रिकामी असतां विजेच्या वाटेंतला रोध शून्य, भरलेली असतां ३० ओहम. (१९६५ च्या सुमारास ३० चे ९० झाले, आणि जुन्या तबकडीस नवें टांकीयंत्र जोडणाऱ्यांच्या नशिबीं घोटाळा आला.) तबकडींत दोन वेटोळीं परस्परांशीं काटकोनांत बसविलेलीं असतात आणि त्यांच्यामध्यें लोखंडाचा लहानसा तुकडा कांट्यासह फिरतो. एक वेटोळें कांट्याला रिकाम्याकडे ओढतें, दुसरें भरल्याकडे. जासूद त्या दोघांमधला कल ठरवितो. बॅटरीचा जोर कमीजास्त झाला तरी दोन्ही वेटोळ्यांवर त्याचा सारखाच परिणाम होतो, म्हणून कांटा ढळत नाहीं. तराजूचीं दोन्ही पारडीं एकदम हलकीं झालीं तर तोल बिघडत नाहीं, तसेंच हें. पण हा कांटा चपळ. पेट्रोल हिंदकळलें कीं तोहि हिंदकळतो.

दुसरें घराणें किंग-सीलीचेंच, आणि १९३५ पासून फोर्डनें तें पत्करलें. यांत कांटा चुंबकानें नव्हे, उष्णतेनें चालतो. दोन निराळ्या धातूंची एकास एक जोडलेली पट्टी तापली कीं वांकते. तिच्याभोंवतीं गुंडाळलेल्या तारेंतून जितका प्रवाह जाईल तितकी ती तापेल, वांकेल आणि कांटा ढकलील. किल्ली फिरविल्यावर हा कांटा डुलत डुलत, जेवण करून उठलेल्या माणसासारखा, सावकाश वर चढतो आणि खड्ड्याखळग्यांतहि स्थिर राहतो. पुढें १९५६ च्या आसपास बारा व्होल्टांची बॅटरी आल्यावर फोर्डनें टांकींत सरकत्या रोधाचें यंत्र घातलें: रिकामी असतां ७३ ओहम, भरलेली असतां १०. म्हणजे जनरल मोटर्सच्या अगदीं उलट. शिवाय बॅटरीचा जोर कमीजास्त झाला कीं पट्टी कमीजास्त तापेल, म्हणून फळीमागें एक लहान नियामक बसविला. तो प्रवाह सारखा तोडून-जोडून सरासरी पांच व्होल्टच पुढें जाऊं देतो. इंग्रजी गाड्यांत स्मिथ्सनें १९६० नंतरच्या दशकांत हाच मार्ग धरला. तेथें पांचाऐवजीं दहा व्होल्ट.

या दोन घराण्यांतला भेद केवळ पंडितांच्या कामाचा नाहीं. समजा, टांकीकडे जाणारी तार गंजून तुटली. जनरल मोटर्सच्या गाडींत रोध अपार झाला, म्हणजे कांटा ‘भरली’च्याहि पलीकडे जाऊन बसेल. फोर्डमध्यें प्रवाह थांबला, पट्टी थंड पडली, म्हणजे कांटा ‘रिकामी’वर पडेल. दोघेहि खोटेंच बोलले. पण एक गृहस्थ आपली टांकी भरलेली समजून रात्रीं आडरानांत मुलाबाळांसह खोळंबून राहील, आणि दुसरा फार तर विनाकारण पेट्रोलच्या पंपावर जाऊन येईल. यंत्र कधीं तरी खोटें बोलणार हें ज्यास कळतें त्यानें तें खोटें कोणत्या बाजूचें असावें याचा विचार आधीं करावयास हवा होता. या बाबतींत आम्ही फोर्डच्या बाजूचे आहों. मग त्याचा कांटा कितीहि आळशी असो.

बिघाड शोधण्याची रीतहि यावरूनच निघते. कांटा बंद पडला कीं लोक तबकडीवर रागावतात. फळी खोलून ती बदलतात, पैसे खर्चतात, आणि नवी तबकडीहि तसेंच वागूं लागली म्हणजे चकित होतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा व्यवहार. वस्तुतः आरंभ शेपटाकडून करावा. किल्ली चालू ठेवून टांकीवरची तार सोडवावी आणि कांटा पाहावा; मग तीच तार गाडीच्या उघड्या लोखंडी अंगास क्षणभर टेकवावी आणि पुनः पाहावें. जनरल मोटर्सच्या गाडींत पहिल्या वेळीं कांटा भरल्याकडे व दुसऱ्या वेळीं रिकाम्याकडे गेला पाहिजे. फोर्डमध्यें याच्या उलट. फोर्डमध्यें तार थेट टेकविण्यापेक्षां मध्यें दहा ओहमचा रोध धरावा, नाहीं तर पट्टी फाजील तापून कायमची वांकडी होईल. आणि ठिणगीची भीति असल्यामुळें टांकीचें तोंड उघडें असतां हें मुळींच करूं नये. कांटा दोन्हीकडे गेला तर तबकडी निर्दोष, वाटेंतली तार निर्दोष, दोष टांकींत. न गेला तर तोच प्रयोग तबकडीच्या पाठीशीं करावा. तेथें कांटा हलला तर मधली तार तुटली आहे. तेथेंहि न हलला तर तबकडीला वीज तरी येत नाहीं किंवा ती खरोखरच मेली आहे. आणि पेट्रोल व पाणी यांचे दोन्ही कांटे एकदमच वेडे झाले तर दोन जासूद एकाच दिवशीं मेले असें मानूं नये. त्या दोघांना वीज पुरविणारा तो लहान नियामक आधीं तपासावा. त्याचे स्पर्शबिंदु चिकटले कीं पांचाच्या जागीं बारा व्होल्ट जातात आणि दोन्ही कांटे एकदम टोंकाला जाऊन आदळतात. उघडे राहिले कीं दोघेहि निपचित.

यांतहि सर्वांत अधिक वेळां सांपडणारा चोर निराळाच असतो. विजेला जावयाची वाट लागते तशी परत यावयाचीहि लागते. मोटारींत परतीची तार नसते. गाडीचें लोखंडी अंग हीच परतीची वाट. टांकींतला जासूद टांकीच्या पत्र्यावर उभा, टांकी पट्ट्यांनीं गाडीला बांधलेली. या सांखळींत कोठें गंज, रबर किंवा रंग आला कीं निरोप अडलाच. गंमत अशी कीं गंजलेल्या, मातकट गाडीचा कांटा कसाबसा चालत असतो आणि तीच गाडी मोठ्या प्रेमानें सोलून, टांकीला चकचकीत जाड रंग देऊन परत जोडली कीं तो साफ बंद पडतो. रंग म्हणजे विजेला भिंतच. तेलाच्या दाबाचें विजेचें यंत्र बसवितांना गळती होऊं नये म्हणून आट्यांवर टेफ्लॉनची फीत गुंडाळतात, तेव्हांहि हेंच घडतें. टांकीयंत्राच्या एका स्क्रूपासून गाडीच्या उघड्या लोखंडापर्यंत वीतभर तार जोडून पाहणें हा सर्वांत स्वस्त प्रयोग. फळीला हात लावण्यापूर्वीं तो करावा. इतकें करूनहि दाखविलें जातें त्यावर अक्षरशः भरंवसा ठेवूं नयेच. टांकी चौकोनी डबा नसते, तिला बांक आणि खांचे असतात. तरंगा उंची मोजतो, गॅलन नव्हे. अर्ध्यावरचा कांटा अर्धी टांकी दाखवीत नाहीं, हें प्रत्येक जुन्या हांकणाऱ्यास ठाऊक असतें.

इतक्या यातायातीनें मिळविलेले हे कांटे कारखानदारांनीं पुढें स्वतःच काढून घेतले. अमेरिकेच्या हडसन कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांतच तेलाच्या व विजेच्या कांट्यांऐवजीं लाल दिवे बसविले. १९५५ च्या शेव्हरोलेनेंहि तोच मार्ग धरला आणि मग सर्वत्र दिव्यांचें राज्य झालें. तिकडच्या रसिकांनीं त्यांस ‘मूढांचे दिवे’ असें नांव ठेवलें. विजेच्या कांट्याची गोष्ट सोडून द्या. त्यांतून गाडीचा बहुतेक सारा प्रवाह जात असे, मागचा एखादा नट सैल झाला कीं तेथेंच आग लागण्याचें भय, तेव्हां तो गेला तें बरेंच झालें. पण तेलाचा दिवा दाब इंचास पांच-सात पौंडांच्या खालीं गेल्यावर पेटतो, आणि तोंवर इंजिनाचें नुकसान होऊन चुकलेलें असतें. कांटा दाब उतरूं लागला आहे हें सांगत असे; दिवा तो उतरला एवढेंच सांगतो. सामान्य माणसास कांटा वाचतां येत नाहीं, हलता कांटा पाहून तो उगाच घाबरतो, असा कारखानदारांचा युक्तिवाद. आजच्या गाड्यांत जेथें उष्णतेचा कांटा उरला आहे तेथेंहि पुष्कळदां संगणक त्याला मुद्दाम मध्यावर धरून ठेवतो. पाण्याची उष्णता पुष्कळ खालींवर झाली तरी तो हलत नाहीं, आणि हलतो तो एकदम तांबड्याकडे. आम्हांस हें मान्य नाहीं. ज्यानें गाडी घेतली, जो तींत आपलीं माणसें बसवितो, त्याला घाबरण्याचा तरी अधिकार असावा.

आपल्या मुंबईशीं या दोन्ही घराण्यांचा संबंध जुना आहे. जनरल मोटर्सनें १९२८ त शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ त प्रीमियर कंपनी स्थापली आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून आधीं अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या व पुढें इटलीच्या फियाट गाड्या बाहेर पडल्या. हिंदुस्थान मोटर्सच्या गाड्या मूळच्या इंग्रजी मॉरिस. त्यामुळें अमेरिकन, इंग्रजी आणि इटालियन अशा तिन्ही तऱ्हांचे जासूद एकाच शहरांत नांदले, आणि येथल्या कारागिराला एकाच घराण्यावर भागवितां आलें नाहीं. कुर्ल्याच्या फियाटचा वंशज असलेली पद्मिनी २०२३ सालीं मुंबईच्या टॅक्सींतून निवृत्त झाली. पण हौशी लोकांच्या घरीं तिच्या बहिणी अद्याप आहेत.

त्या बहिणींपुढें आणि त्यांच्याहून जुन्या गाड्यांपुढें आतां एक नवें संकट आहे. १९५० पूर्वींच्या पुष्कळ गाड्यांत तरंगा बुचाचा असे आणि पेट्रोल शिरूं नये म्हणून त्याला लाखेचें रोगण दिलेलें असे. लाख पेट्रोलमध्यें विरघळत नाहीं, अल्कोहोलमध्यें विरघळते. सुतार लांकडाला पॉलिश करतांना स्पिरिटांत लाख भिजवितो तें याचसाठीं. २०२५ पर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांवर आलें आणि इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. रोगण सुटतें, बूच पेट्रोल पितें, जड होऊन खालीं बसतें, आणि टांकी भरली तरी कांटा रिकाम्याकडे राहतो. अशा वेळीं बुचाच्या जागीं पितळेचा पोकळ तरंगा घालणें हाच मार्ग. पितळेचा जुना तरंगा मिळाला तर तो बसविण्यापूर्वीं कानाशीं धरून हलवावा; आंत खळखळ ऐकूं आली तर त्यांत छिद्र आहे. मग तो विस्तवापासून दूर, गरम पाण्याच्या भांड्यांत बुडवून धरावा. आंतली हवा व पेट्रोलची वाफ तापून बाहेर येऊं लागते. बुडबुडे जेथून निघतील तेथें खूण करावी, आंतलें पेट्रोल पूर्णपणें काढून टाकावें, आणि तरंगा वजनांत जड होणार नाहीं इतक्याच बेतानें डाख द्यावा.